गोरखचिंचेची फळं पोटात घेतली तर चालतात का?

फोंडेकर_वैनी:
आमच्या परड्यात गोरखचिंचेचं जुनं झाड आहे, बुंध्याला चार माणसांची वेंग पुरणार नाही एवढं, आणि सध्या खाली फळं पडतायत. वरून मखमलीसारखी लव, फोडलं की आत पांढरा खडूसारखा कोरडा गर, चव आंबट. सासूबाई म्हणतात हात लावू नको, त्या झाडावर देवचार, म्हणजे जागेचा राखणदार, आहे. पण ऑनलाइन हाच गर बाओबाब पावडर म्हणून केवढ्याला विकतात! खरंच औषधी असतो का?

मडगावचो_भुरगो:
वैनी बिनधास्त खा. आमच्या शेजारची आंटी मोम्बासात वाढली, ती सांगते तिथे बियांसकट गर साखरेच्या पाकात घोळवून लाल रंग लावून विकतात, माबुयु म्हणतात, शाळेतून येताना सगळ्यांच्या जिभा लाल. मोझांबिकला राहून आलेले आपले लोक ह्या फळालाच मालांबे म्हणतात.

कडू_काढा:
सेनेगलात ह्याचं बुई नावाचं सरबत करतात आणि पोट बिघडलं, जुलाब लागले की तेच देतात. साल तापावर वापरायची पद्धत आहे पण ते घरी करून बघू नका हां. उत्तर नायजेरियात हौसा लोक पानं वाळवून कुटतात, त्या पुडीला कुका म्हणतात, तिचं दाटसर कालवण रोजच्या जेवणात असतं, आणि पानांत कॅल्शियम चांगलं असतं. फळात क जीवनसत्त्व 100 ग्रॅमला साधारण 150 ते 300 मिलिग्रॅम, संत्र्यात 50च्या आसपास, म्हणून जाहिरातवाले नाचतात. पण अहो गर झाडावरच वाळलेला आणि संत्रं पाण्याने भरलेलं, ही कसली बरोबरी? शिवाय कोण 100 ग्रॅम पावडर खातंय, चमचाभर तर घेणार. 2008 मध्ये युरोपने विक्रीला परवानगी दिली तेव्हापासून भाव चढलाय एवढंच. आपला आवळा काय वाईट आहे?

फोंडेकर_वैनी:
मग सरबत कसं करायचं? उकळायचं का?

कडू_काढा:
उकळू नका, क जीवनसत्त्व जातं. कोमट पाण्यात तासभर भिजवा, चिंचेसारखं कोळा, गाळा, गूळ घाला. पहिल्या दिवशी अर्धाच ग्लास, फायबर भरपूर असतं, पोट गुडगुडेल. आणि बुरशी धरलेलं फळ घेऊ नका.

फोंडेकर_वैनी:
केलं! सोलांच्या सरबतापेक्षा दाट होतं, चव साधारण चिंच आणि ताक एकत्र केल्यासारखी. सासूबाई दोन ग्लास प्यायल्या आणि आता म्हणतात झाडाखाली देवचाराला रोट (जाड भाकरी) ठेवून ये, न विचारता फळं घेतली ना त्याची.