स्लॅलम कोर्सचे बोये बदलायचेत: आदळल्यावर कमी लागतील असे कोणते?

पेपिनवाला

मिनेसोटातल्या आमच्या तळ्यावर वॉटर स्कीइंगचा सहा वळणांचा पूर्ण कोर्स आहे: बोट मधून सरळ जाते आणि तिच्या दोरीला धरलेला स्कीअर दोन्ही बाजूंच्या बोयांना वळसे घेतो. लांबी 259 मीटर, वळणाचे बोये मध्यरेषेपासून 11.5 मीटरवर, सगळं मापात. शेरिफच्या कार्यालयाचा परवाना आहे. कोर्सच्या भागात खोली साधारण 4 मीटर. मुख्य दोर स्टीलच्या बारीक वायररोपचा, त्याला पीव्हीसीचे आडवे पाइप. पाइप पाण्याखाली दीड मीटरवर राहतात. पाइपाच्या टोकापासून वर दोरी, दोरीला स्नॅप हुक आणि हुकात बोया.

बोये हवा भरायचे, व्हिनाइलचे, सगळेच 28 सेंटिमीटर व्यासाचे. वळणाचे 6, गेटं (कोर्समध्ये शिरायची आणि बाहेर पडायची, दोन-दोन बोयांची) आणि बोटीच्या वाटेचे मिळून 16, म्हणजे 22. प्री-गेटचे, म्हणजे गेटांच्या बाहेरचे, 4 धरले तर 26. आठ हंगाम झालेत. रंग उडालाय आणि कातडं इतकं कडक झालंय की अंगठा दाबला तर जेमतेम खळगा पडतो.

यंदा 12 ते 14 वर्षांची तीन मुलं कोर्सवर येणार आहेत. शिवाय दोन मोठे स्कीअर 12 आणि 11.25 मीटरच्या दोरीवर आहेत, ते बोयाच्या अगदी अंगावरून जातात. तेव्हा 23 सेंटिमीटरचे घ्यावेत की 28 चेच? आत पाणी शिरणारे पोकळ बोये जास्त पैसे मोजण्याइतके चांगले असतात का? आणि सगळे 26 बदलायला हवेत, की वळणाचे सहा बदलले तरी भागेल?

अर्धवळण

आधी माप. 28 चा गोळा म्हणजे साडेअकरा लिटर हवा. तो पूर्ण पाण्याखाली दाबायला साधारण साडेअकरा किलोचा भार लागतो. 23 चा गोळा 6.4 लिटरचा. व्यास पाचच सेंटिमीटरनं कमी होतो, पण स्कीला खालून बसणारा धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. मुलांसाठी हा फरक फार मोठा आहे. त्यांचं वजन कमी, त्यामुळे त्यांच्या स्कीखाली मोठा गोळा दबतच नाही, स्कीच वर उचलली जाते.

बोयाच्या नुसत्या माराने मोठी इजा क्वचितच होते. खरा धोका त्यानंतरचा असतो. स्कीचं टोक गोळ्यावर चढतं, मागे फिनची (स्कीखालच्या उभ्या पात्याची) पकड सुटते, आणि त्या क्षणी हातातल्या दोरीला ओढ असली की माणूस बोटीच्या दिशेनं तोंडावर फेकला जातो. म्हणून चांगला बोया तो, जो स्कीखाली येताच चपटा होतो आणि बाजूला सरकतो. टणक फुगलेला गोळा यातलं काहीच करत नाही. तो आधी दबायला नकार देतो आणि मग उसळतो.

23 च्या गोळ्याचा एक तोटा मान्य करायला हवा. अर्धा बुडालेला असताना 28 चा गोळा पाण्यावर 14 सेंटिमीटर दिसतो, 23 चा साडेअकरा. लाटा असताना मुलांना लांबून तो सापडत नाही. यावर उपाय रंगाचा: वळणाला आणि गेटांना झगझगीत नारिंगी किंवा लाल, बोटीच्या वाटेला पिवळा, प्री-गेटला हिरवा. फिकट पडलेला नारिंगी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पिवळ्यासारखा दिसतो आणि नवखा पोरगा गोंधळतो. रंग उडालेला गोळा मऊ असला तरी बदला.

आता पोकळ बोये. यांच्या कातड्याला खाली आणि मधल्या रेषेवर भोकं असतात. गोळा पाण्यात सोडला की खालून पाणी शिरतं, हवा मधल्या भोकांतून निघून जाते आणि ती भोकं पाण्याला टेकली की बुडणं थांबतं. वरच्या अर्ध्यात हवा कोंडलेली राहते. त्यामुळे गोळा आपोआप अर्धा बुडून राहतो, त्याला खालून ओढून धरावं लागत नाही. खाली दाबलात तर उसळी फक्त वरच्या अर्ध्या भागातल्या हवेची, म्हणजे 23 च्या गोळ्यात जेमतेम 3.2 किलोची. जोरात दाब पडला की आतलं पाणी भोकांतून बाहेर जातं आणि कातडं मिटतं. तुमच्याकडे 11.25 वर खेळणारे आहेत, तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: वळणाला पोकळच लावा. ही दोरी बोयाच्या 11.5 मीटर अंतरापेक्षाही आखूड असते. हात आणि अख्खं शरीर बाहेर लांबवूनच स्की बोयापलीकडे नेता येते. त्या अवस्थेत कंबर पाण्यालगत असते आणि चूक झाली की बोया स्कीला नाही, मांडीला किंवा खांद्याला लागतो.

एक सांभाळा. ज्या पोकळ बोयांत वरचा कप्पा वेगळा बंद केलेला नसतो, ते पूर्ण आडवे झाले की हवा सुटते आणि गोळा पाण्यात खोल बसतो. असा बोया लांबून दिसत नाही, पण स्कीखाली मात्र येतो. धावा संपल्यावर बोटीतून नजर फिरवून असा एखादा दिसला तर उचलून रिकामा करून पुन्हा सोडावा.

गाठनिरगाठ

वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खुपलं ते बोयाजवळचं स्नॅप हुक. गोळा कितीही मऊ घ्या, त्याच्या बुडाशी लोखंड असेल तर नडगीवर आदळणार ते लोखंडच. दुसरं म्हणजे त्या हुकात तयार होणारा फास. फिन हाताच्या वितीएवढी लांब आणि सहा-सात सेंटिमीटर खोल असते. बोयाखाली दोरीचा ढिला फास असला तर ती त्यात सहज शिरते.

पाइपाच्या टोकाला सिंथेटिक दोरी बांधा आणि ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली 70 ते 80 सेंटिमीटरवर संपवा. हुक ठेवायचंच असेल तर ते इथे, या खोलीवर. तिथून वर बोयापर्यंत फक्त लॅटेक्सची रबरी नळी, बाहेरचा व्यास साधारण 10 मिलिमीटर. नळी बोयाच्या कडीतून ओवून दुमडा आणि दोन केबल टायनी आवळा. फास बोट जेमतेम जाईल एवढाच ठेवा, त्याहून मोठा नको. केबल टायची कापलेली टोकं धारदार राहतात, ती खालच्या बाजूला वळवा आणि कापल्यावर लायटरनं गोल करा. एवढ्याशा टोकानं पोटरीवर लांब ओरखडा उठतो.

दोरी पॉलिप्रॉपिलीनची नको. ती तरंगते. ढिली पडली की वर येऊन वळसे घेते आणि ते वळसे घोट्याची आणि प्रोपेलरची वाट बघत राहतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्या, ती बुडते.

नळीची ओढ किती ठेवायची हे बोयावर ठरतं. हवाबंद 23 चा गोळा अर्धा बुडवून धरायला 3.2 किलोची ओढ लागते. 28 चा असेल तर पावणेसहा किलो. तुमचे सगळे 22 बोये 28 चे आहेत, म्हणजे ते मिळून सव्वाशे किलोनं तुमचा मुख्य दोर वर ओढतायत. पाइप मधे उचलले जात असतील तर कारण हेच. पोकळ बोयाला नळी नुसती सरळ राहील एवढीच ओढ पुरते. म्हणून पोकळ बोये लावल्यावर नळ्या पुन्हा मापाव्या लागतील. जुन्या ओढीवर पोकळ बोया पाण्याखाली जाईल.

पेपिनवाला

हुकाचं पटलं, या आठवड्यातच काढतो. पोकळ बोये महाग पडतायत, म्हणून एक शंका: नवे हवाबंद घेऊन त्यांत व्हॉल्व्हमधून अर्धं पाणी भरलं तर तोच परिणाम मिळेल का? आणि एकानं मासेमारीच्या जाळ्याचे तयार बोये सुचवलेत, ते टिकाऊ असतात म्हणे.

अर्धवळण

दोन्ही नको.

अर्धं पाणी भरलेला बंद 28 चा गोळा म्हणजे पावणेसहा किलोचं गाठोडं. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे आदळल्यावर ते दबत नाही. पोकळ बोया सुरक्षित असतो तो आत पाणी असल्यामुळे नाही, ते पाणी बाहेर जाऊ शकतं म्हणून. पैसे वाचवायचे असतील तर हवाबंदच पण 23 चा घ्या आणि हवा कमी भरा. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा खळगा सहज पडला पाहिजे. हवा भरायची ती तळ्याच्या पाण्यात गोळा दहा मिनिटं बुडवून ठेवल्यानंतर. उन्हात तापलेल्या गोळ्यात बरोबर भरलेली हवा थंड पाण्यात आक्रसते आणि बोया सुरकुततो. थंड पाण्यात भरून मग उन्हात काठावर ठेवलेला गोळा उलट टणक होतो, म्हणून माप पाण्यातच.

जाळ्याचा बोया कोकणातला असो की इथला, तो ओढ सोसायला आणि खोल पाण्याचा दाब सहन करायला बनवलेला असतो. त्याची कडी जाड, ओतीव आणि टणक असते. माणूस त्यावर आदळेल हा विचार तो बनवताना केलेलाच नसतो. दुधाचे रिकामे कॅन, घट्ट फोमचे गोळे यांनाही हेच लागू.

सुकाणू

सगळे 26 बदलायचे का, यावर बोट चालवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

पैसे वळणाच्या सहांवरच घालायचा तुमचा विचार दिसतोय, पण मी आधी गेटं बदलीन. वळणाच्या बोयापाशी स्कीअरचा वेग सगळ्यात कमी असतो. गेटातून तो जातो तेव्हा वेकपाशी (बोटीमागच्या लाटेपाशी) असतो, आणि तिथे वेग सगळ्यात जास्त. गेटाची रुंदी अडीच मीटर, पण अनुभवी स्कीअर ती सगळी वापरत नाही. पहिला बोया उजवीकडे असल्यामुळे तो डावीकडून येतो आणि जितकं उशिरा जमेल तितकं, उजव्या गेटबोयाला जवळजवळ चाटून जातो. तेव्हा पहिले दोन पोकळ बोये घ्या ते दोन्ही टोकांच्या उजव्या गेटांना. दोन्ही टोकांना, कारण परतीच्या धावेत बाहेर पडायचं गेट शिरायचं होतं.

बोटीच्या वाटेचे पिवळे बोये वळणाच्या बोयांच्या ओळीतच असतात आणि स्कीअर मध्यरेषा ओलांडतो ती दोन ओळींच्या मधे, त्यांच्यापासून वीसेक मीटरवर. तिथे 23 चे साधे हवाबंद चालतील. फक्त ते बोटीच्या कडेला घासतात, म्हणून कडी मऊ आणि नळी लवचीक हवी. वाट मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 1.15 मीटरचीच आहे, त्यामुळे वाऱ्यात एखादा बोया बोटीखाली जाणार हे गृहीत धरा. नळी ढिली नसली तर तो मागे सुखरूप वर येतो.

काही जण बोया आणि नळीच्या मधे अडीच मिलिमीटरचा बारीक केबल टाय घालतात, तो आठेक किलोच्या ओढीला तुटतो. पाय अडकला तर बोया सुटावा हा हेतू. मुलांच्या कोर्सवर मला हे आवडतं.

गाठनिरगाठ

इथे मात्र माझा थोडा विरोध नोंदवतो. पोकळ बोयावर बारीक टाय ठीक, तिथे रोजची ओढ नगण्य असते. 28 च्या हवाबंद गोळ्यावर पावणेसहा किलो सतत असतात. आठ किलोचा टाय उन्हानं थोडा ठिसूळ झाला की दुपारच्या लाटांतच तुटेल. सुटलेला बोया तळ्यावर भरकटतो आणि रात्री दुसऱ्याच्या बोटीपुढे येतो, परवाना मात्र तुमच्या नावावर असतो. घालायचेच तर काळे, उन्हाला टिकणारे टाय घ्या आणि महिन्यातून एकदा सरसकट बदला.

शिंपलेवैरी

तुमच्या तळ्यात झेब्रा शिंपले असतील तर तो धोका बोयाच्या मापापेक्षा मोठा आहे. आमच्या भागात उन्हाळ्याच्या अखेरीस बोयाच्या बुडाला, नळीला आणि पाइपाला नखाएवढ्या शिंपल्यांचा थर चढतो. कडा पात्यासारख्या असतात. मऊ बोया अंगाला घासला तरी कातडी फाटते. दर दोन आठवड्यांनी बोटीतून बोया उलटा करून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, धातूची पट्टी वापरली तर कातडंच कापलं जातं. पोकळ बोयाची मधली भोकं याच शिंपल्यांनी आणि शेवाळानं बुजतात. मग हवा एका बाजूनंच निघते आणि बोया तिरका बसतो. भोकांतून बोट फिरवून बघायचं. कोर्स दुसऱ्या तळ्यावर न्यायचा असेल तर सामान आधी 21 दिवस कोरडं ठेवा, गोदी आणि बोटलिफ्टला इथे तोच नियम आहे.

पाण्याची पातळी पंधरा सेंटिमीटरनं उतरली तरी नळ्या ढिल्या पडतात आणि बोये वाऱ्यानं सरकतात. गोदीच्या खांबावर रंगाची एक खूण करा. पाणी खुणेखाली बोटभर गेलं की नळ्या आवळा, वर आलं की सोडा.

ऑक्टोबरात सगळे बोये आणि नळ्या काढून मुख्य दोर तळाशी सोडा. बर्फानं बोया धरला की तो नांगरासकट कोर्स हलवतो. काढलेल्या नळ्या ताणून उन्हाकडे धरा. बारीक भेगा दिसल्या तर ती नळी पुढच्या हंगामात लावू नका, ती तुटते ती बोयाच्या कडीपाशीच.

पेपिनवाला

असं ठरवतोय: उजव्या गेटांना 2 आणि वळणाला 6 असे 23 चे 8 पोकळ बोये. बाकी 18 हवाबंद 23 चे, कमी हवेचे. हुकं 75 सेंटिमीटर खाली. एकच राहिलं: इतका मऊ बोया लावला तर मुलं त्यावरून बिनधास्त जायला शिकतील असं एक जण म्हणतोय.

सुकाणू

बोयाला नुसता स्पर्श झाला तर गुण जात नाही, पण त्यावरून स्की नेऊन तो बुडवला तर ते वळण चुकलं म्हणूनच धरतात. पहिल्या दिवसापासून मोजणी तशीच ठेवा. पहिले काही आठवडे वळणाचे सहाही बोये काढून फक्त गेटं आणि बोटीची वाट ठेवा. मुलं लयीत एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ लागली की पहिला आणि दुसरा बोया लावा, बाकीचे नंतर.

नवा बोया लावण्याआधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तळपायानं तो पूर्ण खाली दाबून बघा. पाय घसरून गोळा बाजूनं वर आला तर ठीक. तो पायाला वर ढकलत राहिला तर हवा अजून कमी करा.