चूल सकाळी छान ओढते, दुपारनंतर घरभर धूर. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. गॅस आहेच, पण भाकऱ्या, पेज आणि आंघोळीचं पाणी आईला चुलीवरचंच लागतं. त्यामुळे 'चूल काढून टाका' हा सल्ला कृपया देऊ नये, तो घरात मंजूर होणार नाही.

गेल्या दिवाळीनंतर मागच्या पडवीत वैलाची (मागे दुसरं भांडं ठेवायचं जोडतोंड असलेली) नवी चूल घालून घेतली, धुराड्यासकट. चुलीच्या पाठीमागून 4 इंची पत्र्याचा पाइप जांभ्याच्या भिंतीतून आडवा बाहेर जातो, तिथे काटकोनी एल्बो, मग सरळ वर. वळचणीच्या जेमतेम फूटभर वर जाऊन संपतो. डोक्यावर टोपी, आणि खारी शिरू नयेत म्हणून टोपीला जाळी. घराचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. पडवी पूर्वेला.

पहाटे चूल पेटवली की तक्रारीला जागा नाही. जाळ वैलाकडे खेचला जातो, पाइपातून घुंईऽ असा आवाज येतो. तीच चूल, तीच लाकडं, पण जेवणं झाल्यावर दुपारच्या चहाला पेटवली की धूर सरळ तोंडातून बाहेर. वैलावरचं पातेलं उचललं तर तिथूनही भसकन येतो. मी उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरून पाहिली: सकाळी धूर आत जातो, दुपारी चूल विझलेली असतानाही बाहेर ढकलला जातो. रात्री उशिरा पुन्हा ठीक.

पाइप आणि जाळी दोन्ही साफ केली, काजळी फारशी नव्हती. लाकूड गेल्या हिवाळ्यात फोडलेला ऐन, जोडीला करवंट्या आणि सोडणं (नारळाची सुकी सालं). दारं-खिडक्या उघडून फरक नाही. गवंडी म्हणतो पाइप 6 इंची करू. हार्डवेअरवाला पाइपात पंखा बसवायला सांगतो. आमचे काका म्हणतात चुलीची दिशाच चुकली. कुणाचं ऐकू?

ओलती: सोडणं वरून सुकी दिसतात, आत ओल धरतात. आठवडाभर फक्त लाकडावर चालवून बघा. आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे का? तो चालू असला की धुराड्यातूनच हवा आत ओढतो.

मागीलदार (धागाकर्ता): फॅन नाही. सोडणं बंद करून झालं, सकाळ-दुपारचा फरक तसाच.

जांभा_चिरा: उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. चूल विझलेली असताना धूर उलटा येतोय म्हणजे लाकडाचा प्रश्न नाही, वाऱ्याचा आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तुमच्या पडवीला तो समोरून येतो. बाहेरची हवाही गार असते, त्यामुळे पाइपातली गरम हवा जोमाने वर चढते. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, आढ्यावरून (छपराच्या माथ्यावरून) उडी मारून मागच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, उतरतो आणि नेमका तुमच्या पाइपाच्या तोंडावर भोवरा धरतो. काकांना सांगा, दिशा चुकली हे खरं, पण चुलीची नव्हे, पाइपाच्या टोकाची.

पाइप 6 इंची मुळीच करू नका. त्याचं तोंड 4 इंचीच्या सव्वादोनपट होतं. तेवढाच धूर त्यातून संथ जाईल, वाटेतच गार पडेल आणि ओढ आणखी कमी होईल. उंची वाढवा. ढोबळ नियम असा: पाइप छपराच्या वर किमान 3 फूट हवा, आणि आडव्या अंतराने 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्याहून 2 फूट उंच. आढं याहून लांब असलं तरी समुद्राकाठी पाइप आढ्याच्या उंचीपर्यंत नेलेला बरा. काटकोनी एल्बो काढून 45 अंशाचे दोन घाला, आडवा तुकडा शक्य तितका आखूड आणि बाहेरच्या बाजूला थोडा चढता ठेवा.

1980 च्या दशकात सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा आमच्या वाडीतही निर्धूर चुली बसल्या. पाइप सगळ्यांचे वळचणीशी थांबलेले. दोन पावसाळ्यांत बायकांनी चुलीतली पाइपाची भोकं शेणाने लिंपून टाकली! चुलीला नावं ठेवली, पाइपाकडे कुणी बघितलं नाही.

मागीलदार: हे पटलं. काकांना वाचून दाखवलं, ते खूश आहेत. आढं पाइपापासून आडवं बाराएक फूट आणि त्याच्या टोकाहून सातेक फूट उंच आहे. एवढा पत्र्याचा पाइप पावसाळी वाऱ्यात टिकेल? आणि बाहेर गार पडणार नाही?

जांभा_चिरा: एकदम खर्च करू नका. आधी तीन फुटांचा तुकडा तारेने बांधून वर चढवा आणि दुपारी तीच उदबत्ती धरा. फरक दिसला की पुढचा तुकडा. कायमचं करताना तीन बाजूंनी गॅल्व्हनाइज्ड तारेचे ताण द्या, कौलांना नको, वाशांना हूक मारून. गवंड्याने 6 इंची पाइप आणलाच असेल तर तो 4 इंचीवर बाहेरून चढवा. मधल्या पोकळीमुळे आतला पाइप गरम राहतो. पोकळीचं वरचं तोंड मात्र पत्र्याने झाका, नाहीतर मृगात पाणी थेट एल्बोपर्यंत. लाकडी वासा-रीप पाइपापासून वीतभर तरी दूर असू द्या.

ओलती: जाळी जरा मोठ्या भोकांची घ्या. बारीक जाळी काजळीने फार लवकर बुजते.