मदत हवी आहे: दोनच रंगांच्या चित्रावर वॉटरमार्क टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते आणि कावीच्या धर्तीवर डिजिटल चित्रं काढते. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना कावी सांगायला नको: चुन्याचा पांढरा गिलावा, वर कावेचा तांबडा थर, आणि ओल असेपर्यंत तो तासून आतला पांढरा उघडा करायचा. रंग दोनच. मी तेच क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तुळशीवृंदावन, घोडेमोडणी (कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून करायचा नाच), बल्कांवावर म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसलेल्या आज्या असे विषय असतात. प्रिंट विकते. गिऱ्हाईक बहुतेक इन्स्टाग्रामवरूनच येतं, त्यामुळे चित्रं टाकणंच बंद कर हा सल्ला कृपया देऊ नका.

किनाऱ्याकडच्या एका दुकानात माझं घोडेमोडणीचं चित्र कापडी पिशव्यांवर छापून विकायला ठेवलेलं मैत्रिणीला दिसलं. कोपऱ्यातली सही कापून टाकलेली. विचारलं तर उत्तर मिळालं, "देवळातली नक्षी आहे, ती सगळ्यांचीच." त्या घोड्याची मान तशी वळवायला मला किती रात्री लागल्या ते मलाच ठाऊक. फार लागलं ते उत्तर.

आता वॉटरमार्कबद्दल, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून चित्रावर टाकायच्या खुणेबद्दल. सगळीकडे सांगतात तसा करड्या रंगाचा, पंचवीस टक्के अपारदर्शक, चित्रभर तिरका मार्क टाकला. मग स्वतःच चोराच्या जागी बसून पाहिलं. थ्रेशोल्ड फिल्टर (प्रत्येक छटा नुसती काळी किंवा पांढरी करणारा) लावला आणि मार्क साफ गेला! चित्रात दोनच छटा असल्यामुळे मधली प्रत्येक छटा एका फटक्यात निघते. लहान आकारात टाकावं, तर १०८० पिक्सेलचं चित्रसुद्धा इंकस्केप या सॉफ्टवेअरच्या ट्रेसने पुन्हा रेषांत बदलतं आणि मग हवं तेवढं मोठं करता येतं. म्हणजे फोटोला किंवा जलरंगाला लागू पडणारे दोन्ही उपाय इथे निकामी.

सपाट रंगात काम करणारं इथे कोणी आहे का? तुम्ही काय करता? आणि चित्राची शोभा न घालवता ते कसं जमवता?

प्रतिसाद १

ताई, म्हापशात माझं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. छपाईची फिल्म काढतानासुद्धा फिकट छटा अशीच उडते. म्हणून मार्क फिकट नको, भरीव हवा, आणि तुमच्याच दोन रंगांत हवा. तांबड्यावरून जाताना पांढरा, पांढऱ्यावरून जाताना तांबडा. हे हाताने करत बसू नका. चित्र काळं-पांढरं असतानाच सहीचा थर शुद्ध पांढऱ्या रंगात वर ठेवा, ब्लेंडिंग मोड (थर खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते) डिफरन्स करा, म्हणजे सहीखालचं काळं पांढरं आणि पांढरं काळं होतं, आणि काळ्याच्या जागी तांबडा सगळ्यात शेवटी चढवा. अक्षरांची जाडी तुमच्या रेषेएवढीच ठेवा. मग थ्रेशोल्ड लावा नाहीतर ट्रेस करा, सही चित्राबरोबरच येते. ती काढायची तर त्याखालची रेघ पुन्हा काढावी लागेल, आणि पिशव्या छापणारा तेवढी मेहनत घेत नाही. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

प्रतिसाद २

वरच्या उपायात एक भर. सगळ्या चित्रांवर एकच मार्क तसाच्या तसा ठेवू नका. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की एकच मार्क बऱ्याच चित्रांवर सापडला की संगणक तो आपोआप वेगळा काढू शकतो. नुसती जागा बदलून फारसा फरक पडत नाही. अक्षरं दर वेळी थोडी वाकवली, पीळ दिला, तर मात्र काम अवघड होतं. तुमची सही हातानेच लिहिलेली असेल तर दर वेळी नवी लिहा, म्हणजे झालं. आता चित्राचा खोडलेला भाग भरून देणारी एआय साधनंही आहेत, तेव्हा मार्क मोकळ्या पांढऱ्या जागेत न ठेवता दाट नक्षीवरून न्या. ग्लेझ हे शिकागो विद्यापीठाचं साधन शैलीची नक्कल करणाऱ्या एआयसाठी आहे. पिशवीवाल्याला त्याने काही होत नाही.

प्रतिसाद ३

कायद्याचं थोडक्यात. पारंपरिक नक्षी सगळ्यांची, हे खरं. पण तुम्ही रचलेलं चित्र तुमचंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क चित्र काढल्याबरोबर मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. निर्मात्याचं नाव सांगणारी खूण जाणूनबुजून काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून कापलेली सही हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. ती पिशवी विकत घ्या, बिल मागा, आणि थरांसकट असलेली मूळ फाइल जपून ठेवा. चित्र एखाद्या संकेतस्थळावर असेल तर त्यांना लेखी तक्रार द्या. तक्रारीत तथ्य वाटलं तर ३६ तासांत ते चित्र तिथून उतरवावं लागतं, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा दिसू शकतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

देव बरें करूं तिघांचंही. डिफरन्सवाला उपाय लगेच करून पाहिला. थ्रेशोल्डनंतरही सही जागच्या जागी! घोडेमोडणीत ती घोड्याच्या झालरीवरून नेली, तिथे नक्षी सगळ्यात दाट आहे आणि नाचणाऱ्याचा चेहरा मोकळा राहतो. तुळशीवृंदावनात मात्र अडले आहे. तिथे वृंदावन सोडून सगळीकडे पांढरंच. बाजूने वेलबुट्टीची चौकट काढून तिच्यात सही गुंफली तर चालेल का? चौकट कापून टाकायला सोपी, ही भीती आहेच. आणि म्हापसा किंवा पणजीला कॉपीराइटची नोटीस काढून देणारे वकील कोणाच्या माहितीत असतील तर व्यक्तिगत निरोपातून कळवा. पिशवी आणि बिल मैत्रीण आणते आहे.