बलुतेदारांचे पुतळे बघून मुलं शाश्वतता शिकणार?

बांधावरचा: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय प्रत्येक शाळेने दाखवावं. जुन्या गावात कचराच नव्हता." वाचून राहवलं नाही. २०२२ साली प्रागमध्ये संग्रहालयाची नवी जागतिक व्याख्या ठरली, तिच्यात शाश्वतता आली, हे उत्तमच. पण कचरा नव्हता, कारण मेलेलं जनावर ओढायला माणूस बांधलेला होता. ढोर समाजाचा माणूस कातडं कमवायचा, चांभार त्याची मोट, म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची पिशवी, शिवायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. हे न सांगता मुलांना काय दाखवणार?

माळरान: प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का? मुद्दा पाण्याचा आहे. बैल दमले की मोट थांबायची आणि रात्रीत विहीर भरायची. आता चुलत्यांनी कर्ज काढून बोअर मारल्या, सगळ्या कोरड्या. मोट बघितल्याशिवाय मुलांना हे कळणार नाही.

करवीरकर: मोटेचं कौतुक धावेवर, म्हणजे बैल हाकायच्या उतारावर, न चाललेल्यांनी करू नये! आजोबांचे गुडघे त्या धावेवर गेले. मोटर बसली तेव्हा आजीने तिला हळद-कुंकू वाहिलं. पाणी मोटरीने नाही, उसाने संपवलं.

माळरान: मग काय लावायचं? दराची हमी उसाइतकी कुठल्या पिकाला आहे? पिकवणाऱ्यालाच शिव्या!

करवीरकर: शिव्या कोण देतंय? मीही ऊसच लावतो. म्हणूनच बोलतोय.

खडूफळा: मी शिक्षिका. बलुतेदारांच्या पुतळ्यांपुढे एका मुलीने विचारलं, "बाई, यांना पगार किती?" म्हटलं, सुगीला धान्य. "आणि नाही दिलं तर?" तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. सहल तासाभरात उरकायची असेल, तर कणेरी काय आणि गोव्यातल्या बाणावलीचं 'गोवा चित्र' संग्रहालय काय! गोवा चित्रची तर इमारतच पाडलेल्या घरांच्या सामानातून उभी आहे. ते समजावून सांगायलाच अर्धा दिवस हवा.

बांधावरचा: त्या मुलीचं उत्तर कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन, म्हणजे महारांना गावाच्या पिढीजात कामाला बांधणारी पद्धत, रद्द केलं. मुंबई राज्यात कनिष्ठ वतनं जायला १९५८ चा कायदा लागला. ज्याला तुम्ही शाश्वत म्हणता, ते कायद्याने मोडावं लागलं. पुतळ्यांशेजारी ही सालं हवीत.

माळरान: बरं, लिहा कातड्याची गोष्ट. पण शेजारी बोअरचीही लिहा. किती फूट खोल गेलो, कर्ज किती झालं, सगळं.

करवीरकर: आणि उसाला किती पाणी लागतं तेही. ते नसेल तर माझ्या नातवंडांना मी नेणार नाही.