खानापूर पट्ट्यातलं सौर कुंपण: अनुदान शेतकऱ्याला द्यावं की गावाला?

शिवारराखण (धागा सुरू करणारे)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीपासून हेमाडगा, नागरगाळी, लोंढ्यापर्यंतच्या शिवारात भात पोटरीला आलं की गवे उतरतात, दुधात भरलं की रानडुकरं येतात, पिकून पिवळं झालं की दांडेलीकडचे हत्ती. रताळ्याची वेगळी तऱ्हा, तिथं डुक्कर एका रात्रीत सरीच्या सरी उलथून टाकतं. यावर सरकारचं ठरलेलं उत्तर म्हणजे सौर कुंपण घ्या, अर्धा खर्च आम्ही देतो. हे एकेकट्या शेतकऱ्याला मिळणारं अनुदान थांबवावं आणि तोच पैसा जंगलकडेच्या सलग गावकुंपणाला व त्याच्या देखभालीला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी तारेचा हिशोब बघा. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर त्याचा परीघ साधारण 254 मीटर. 25 एकरांचा एकच चौकोन धरला तर परीघ 1272 मीटर, म्हणजे एकरी जेमतेम 51 मीटर. आपली खाचरं तर लांबट, वाकडीतिकडी, त्यामुळे एकेकट्याचा खर्च याहून चढतो. शिवाय प्रत्येकाचं तारेत झटका सोडणारं मशीन, बॅटरी, पॅनेल, अर्थिंग वेगळं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एका शेताला कुंपण झालं की कळप शेजारच्या उघड्या शेतात घुसतो. ते शेत बहुधा ज्याला आपला अर्धा वाटाही भरता आला नाही त्याचं असतं. त्याचं दोन वर्षं नुकसान झालं की तो विजेच्या लाईनवरून थेट तारेत करंट सोडतो. त्या तारेत हत्ती जातो, गवा जातो, पहाटे पाणी सोडायला आलेला माणूसही जातो. अनुदानाच्या आकड्यांत हे कुठंच दिसत नाही.

ऊसवाला_गुंजी

हिशोब कागदावर बरोबर आहे, शिवारात टिकत नाही. गावकुंपणाचं गवत कोण काढणार? आषाढ-श्रावणात आठ दिवसांत गवत खालच्या तारेला भिडतं. ओलं पातं तारेला लागलं की करंट तिथंच जमिनीत उतरतो, आणि अशी हजार पाती लागली की मशीन चांगलं असूनही तारेत जोर उरत नाही. स्वतःच्या बांधावर माणूस कोयता घेऊन जातो. तीन किलोमीटर लांबच्या सामाईक तारेखाली कोणी जात नाही.

दुसरं, वाटा. जंगलात गुरं चारायला, लाकूडफाटा आणायला, काजूच्या बागेत जायला प्रत्येक गल्लीला एक फाटक लागतं. एक फाटक रात्री उघडं राहिलं की सगळं गाव उघडं. आणि बिघाड शोधायचा तर अख्खी लाईन चालत जावी लागते. माझ्या मते अनुदान शेतकऱ्यालाच राहू द्या, अट कडक करा. पैसे एकदम न देता निम्मे बसवल्यावर आणि निम्मे दुसऱ्या वर्षी तारेत जोर मोजून द्या.

तारतंत्री

दोघांनी मशीन आणि तार धरली, जमीन विसरलात. कुंपणाचा झटका लागायचा तर करंट तारेतून जनावराच्या अंगात, पायातून मातीत, मातीतून अर्थिंगच्या सळ्यांत आणि तिथून मशीनमध्ये परत यायला हवा. आपल्याकडे जांभ्याची जमीन. जानेवारीनंतर ती अशी कोरडी पडते की हे वर्तुळ पुरं होतच नाही. मग शेतकरी म्हणतो मशीन बिघडलं, आणि दुरुस्तीवाला येऊन मशीन बदलून जातो.

अर्थिंग असं हवं: जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) किमान तीन सळ्या, प्रत्येकी दीड ते दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर. जागा ओलीची निवडा, विहिरीच्या किंवा पाटाच्या कडेची. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब. उन्हाळी पीक असेल तर तारा एक सोडून एक ठेवा, एक जिवंत, म्हणजे करंटची, एक अर्थिंगला जोडलेली. डुक्कर दोन तारांमधून घुसताना दोन्हींना शिवतं आणि कोरड्या मातीतही झटका बसतो.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर, दुसरी 45 वर. याहून वर असली तर ते नाकानं माती उकरून खालून जातं. मीटरनं मोजल्यावर लाईनच्या शेवटच्या टोकाला 5 हजार व्होल्ट तरी दिसायला हवेत. 3 हजारांखाली गेलं की डुकराच्या राठ केसांतून झटका पोहोचत नाही. एकदा त्याला कळलं की तार चावत नाही, मग ती पुन्हा जिवंत केली तरी ते धडक देत राहतं. म्हणून अर्धवट चाललेलं कुंपण हे कुंपण नसण्याहून वाईट.

बाकीच्या नेहमीच्या चुका: स्वस्त प्लास्टिकचे इन्सुलेटर दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि ओल्या लाकडी खांबातून करंट गळतो. तार पिळून जोडली की जोडावर गंज चढतो, तिथं क्लॅम्पच लावायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर न घातल्यानं प्लेटा उघड्या पडतात. वळवाच्या विजा सुरू झाल्या की मशीन लाईनपासून सोडवून ठेवायचं. अनुदानाच्या कोटेशनमध्ये आकाशातल्या विजेपासून मशीन वाचवणारा वीजरोधक, व्होल्टमीटर आणि तिसरी सळी या तीन गोष्टी सगळ्यात आधी गाळल्या जातात, कारण त्या फोटोत दिसत नाहीत.

भीमगड_पायवाट

जनावराच्या बाजूनं बोलायला हवं. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. एका बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य. हत्ती आणि गवे या पट्ट्यातून ये-जा करतात. गावागावानं जंगलकडेनं सलग तार ओढली तर त्यांची वाट तुटेल आणि कळप एखाद्या फटीतून थेट वस्तीत निघेल. सलग कुंपणाला माझा विरोध आहे. कुंपण पिकाभोवती असावं, ओढे आणि जुन्या जनावरवाटा मोकळ्या सोडाव्यात.

हत्तीला तर चार तारांचं कुंपण अडवत नाही. सुळ्यातून करंट जात नाही, हे तो लवकर शिकतो. सुळ्यानं तार तोडतो, खांब पायानं ढकलतो, नाहीतर ओंडका टाकून तार दाबतो. हत्तीच्या वाटेवर उंच खांबांवरून खाली लोंबणाऱ्या तारांचं कुंपण लागतं. खांब त्याच्या आवाक्याबाहेर आतल्या बाजूला राहतो आणि तारा थेट सोंडेला, कपाळाला लागतात. सगळ्यांना एकाच प्रकारचं कुंपण देणारं धोरण त्यामुळे हत्तीपुढं निरुपयोगी आहे.

तारतंत्री

सौर कुंपण आणि लाईनवरचा करंट यांतला फरक नीट सांगायला हवा, कारण अजूनही लोक दोन्हींना 'झटका' म्हणतात. प्रमाणित मशीन सेकंदाला फार तर एक ठोका देतं, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी वेळ. दोन ठोक्यांच्या मध्ये जनावर मागं सरकतं. लाईनचा करंट 230 व्होल्टचा आणि अखंड. पंधरा-वीस मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात, तार सुटत नाही. शंभरच्या आसपास काळजाचा ठोका बिघडतो. आणि फ्यूज उडत नाही, कारण अंगातून जाणारा करंट एक अँपिअरही नसतो आणि फ्यूज कित्येक अँपिअरचा असतो.

शिवारराखण

भीमगड_पायवाट, जुन्या वाटा मोकळ्या सोडायला माझी ना नाही. सलग म्हणजे शिवाराच्या अंगानं सलग, ओढा आला की थांबायचं, पलीकडून नवी लाईन धरायची. ती आखणी गावाच्या नकाशावरच होऊ शकते. एकेकटा शेतकरी आपल्या गट नंबरापुरतं बघणार, हत्तीची वाट त्याच्या कागदात नसते.

आणि करंट सोडणाऱ्याला नुसतं कायद्याचं भय दाखवून भागत नाही. हत्ती आणि गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25 हजार. वीजचोरीचं कलम वेगळं. तरी तारा टाकल्या जातात. पंपाला 10 एचपीपर्यंत वीज फुकट, बहुतेक पंपांना मीटर नाही, आणि अशा तारेला करंटही नगण्य लागतो, त्यामुळे बिलात किंवा फीडरच्या आकड्यात काही दिसत नाही. हेस्कॉमनं, म्हणजे आपल्या वीज कंपनीनं, सुगीच्या दोन महिन्यांत जंगलकडेच्या ट्रान्सफॉर्मरवर रात्री गळती मोजावी. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र क्लॅम्प-मीटरमध्ये धरले की जमिनीत जाणारा करंट कळतो. लोंबणाऱ्या लाईनीही ताणून घ्याव्यात. शेतावरच्या उघड्या तारेला 4.6 मीटरची उंची धरतात, पण सोंड वर केलेला हत्ती त्याहून वर पोहोचतो.

रताळी_बेळगुंदी

तुम्ही सगळे कुंपणावरच बोलूलालाय. डुकराचं काय ते बोला की. डुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत हाय. कलम 11 खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी देता येते. कुठल्या गावात, किती दिवसांत, कोण मारणार, हे ठरवून द्या. ते होत न्हाई म्हणूनच गावठी बॉम्ब आणि फासे लागतात. त्यात डुक्कर एकलं मरत न्हाई, गाय तोंड घालते, जबडा फुटतो, आठ दिवस तडफडून मरते. प्राण्यांची दया म्हणता तर आधी हे थांबवा.

भीमगड_पायवाट

कलम 11 बद्दल सहमत, एका अटीवर: परवानगी गावापुरती, मुदतीची आणि प्रशिक्षित नेमबाजाला. मोकळी सूट दिली की पहिला बळी डुकराचा नसून सांबर-भेकराचा जातो. आणि शिवाराला लागून घाणेरीची झुडपं आहेत तोवर डुकरं तिथंच दिवसभर बसतात. जंगल आणि पीक यांच्यामध्ये तीस-चाळीस मीटरची पट्टी साफ ठेवणं हे कुंपणाइतकंच महत्त्वाचं काम आहे. रोजगार हमीतून करता येण्यासारखं.

ऊसवाला_गुंजी

भरपाईचं कोणी बोललं नाही. वनखात्याची भरपाई उताऱ्यावरच्या नावाला मिळते. आपल्याकडे निम्मे उतारे अजून आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी. फाळ्यानं (खंडानं) कसणाऱ्याला तर काहीच नाही. कापून खळ्यावर रचलेल्या गंजीवर हत्ती आला तर ते उभं पीक नव्हे म्हणून वाद घालतात.

केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये पीकविम्यात वन्य प्राण्यांचं नुकसान ॲड-ऑन (मूळ विम्यावरचं जादा संरक्षण) म्हणून धरायचं जाहीर केलं, 2026 च्या खरिपापासून. अट अशी की 72 तासांत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकायचा. कोणती जनावरं आणि कोणते भाग धरायचे ते राज्यानं कळवायचं. खानापूर त्यात नसेल तर विमा भरूनही हाती काही नाही. गावकुंपण की वैयक्तिक कुंपण या वादापेक्षा ही यादी लागण्याआधी ग्रामसभांचे ठराव जायला हवेत, मागच्या तीन वर्षांच्या पंचनाम्यांच्या नकला जोडून. आणि सूचना कानडीसोबत मराठीतही लावायला सांगा. 72 तासांच्या मुदतीत कागद वाचून घ्यायला माणूस शोधत फिरणं परवडत नाही.

शिवारराखण

ठराव हवेतच, त्यात वाद नाही. पण विमा पीक गेल्यावर मिळतो, माझा प्रश्न पीक जाण्याआधीचा आहे. देखभालीची अडचण तुम्ही बरोबर दाखवली, म्हणून एवढं सुचवतो: लाईनचे पाचशे-पाचशे मीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र स्विच द्या, म्हणजे बिघाड शोधायला अख्खी लाईन चालावी लागत नाही. जून ते डिसेंबर एक पगारी राखणदार ठेवा. त्यानं रोज संध्याकाळी दोन्ही टोकांचे व्होल्ट वहीत लिहावेत आणि आठवड्यातून एकदा गवत काढावं. पगार अनुदानातूनच, कारण मशीन एकदा घेतात आणि गवत दरवर्षी वाढतं.

ऊसवाला_गुंजी

राखणदार पगारी असेल तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा असा: तो पगार पंचायतीच्या खात्यातून जाणार असेल तर सप्टेंबरचा पगार मार्चमध्ये येईल आणि ऐन सुगीत माणूस काम सोडेल. दूध संघात किंवा कृषी पत्तीन संघात (शेती पतसंस्थेत) वेगळं खातं काढून सातही महिन्यांचे पैसे मे महिन्यातच जमा होणार असतील तर सांगा, आमच्या शिवाराची लाईन मोजून देतो.