अनलिमिटेड डेटा की जीबीच्या स्लॅबचा प्लॅन? सल्ला हवा

चांदणवेल:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर सल्ला हवा आहे.

घरात चार फोन. चौघांचेही प्लॅन याच महिन्यात संपताहेत, म्हणून एकदाच काय ते ठरवून टाकावं असं मनात आहे. कंपनीचे मेसेज येताहेत की अनलिमिटेड घ्या आणि निर्धास्त व्हा. नवऱ्याचं म्हणणं, जीबीचा स्लॅब घेऊ, जेवढं लागतं तेवढ्याचेच पैसे देऊ. दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच अडकले आहे.

वापर असा: मी घरी आणि ऑफिसात वायफायवर असते. मधल्या प्रवासात नकाशा, मेसेज, गाणी. नवऱ्याची नोकरी फिरतीची, लॅपटॉप बराच वेळ फोनच्या हॉटस्पॉटवर. सासूबाई व्हिडिओ कॉल करतात, त्यापलीकडे फारसं काही नाही. मुलगा कॉलेजात आहे आणि सतत व्हिडिओ बघतो.

अनलिमिटेडला खरंच काही मर्यादा नसते का? आणि स्लॅब घेतला नि महिना सरायच्या आत डेटा संपला तर बिल किती फुगेल, याची धास्ती वाटते. अंदाज बांधायचा तरी कसा?

मापटं:

चांदणवेल, इतक्यात कुठलाच प्लॅन बघू नका. आधी फोन बघा.

चौघांच्याही फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा वापर दिसतो, कुठल्या ॲपने किती खाल्ला तेही. अँड्रॉइडवर तुमच्या बिलाच्या तारखेपासून महिना मोजायला लावता येतो. आयफोनवर मात्र 'चालू कालावधी'चा आकडा आपोआप शून्यावर येईल असं धरून चालू नका. तो हाताने रीसेट करावा लागतो, नाहीतर वर्षानुवर्षांची बेरीज बघून माणूस घाबरतो. हॉटस्पॉटचा आकडा वेगळा दिसतो, तो तुमच्या यजमानांसाठी नीट टिपून ठेवा. मागच्या काही महिन्यांची बिलं असतील तर नेहमीचा महिना आणि सगळ्यात जास्त वापराचा महिना, दोन्हींचे आकडे काढा.

नुसता अंदाज हवा असेल तर हिशेब सोपा आहे. गाणी १६० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) दर्जावर ऐकली तर तासाला साधारण ७२ एमबी लागतात. म्हणजे रोज प्रवासात तासभर ऐकलं तरी महिन्याचे दोन-सव्वादोन जीबी. मेसेज, मेल आणि नकाशा त्यापुढे किरकोळ. व्हिडिओचं गणितच वेगळं. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. फोनवरच्या ॲपमध्ये 'डेटा वाचवा' निवडलं तर त्याच १ जीबीत सुमारे सहा तास बघून होतं. मुलाचा स्लॅब कुठला हे या एका सेटिंगवर ठरणार आहे.

ऑनलाइन गेम खेळताना डेटा कमी लागतो, पण गेमचं एक अपडेट कित्येक जीबींचं असू शकतं. अपडेट आणि फोटोंचा बॅकअप 'फक्त वायफायवर' करून ठेवा. आयफोन असेल तर 'वायफाय असिस्ट'ही बघा. वायफाय क्षीण झालं की ते न विचारता मोबाइल डेटावर उडी मारतं. घरात बसून डेटा संपतो अशी तक्रार येते ती बरेचदा यामुळे.

आडवाट:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिथेच लोक सर्वांत जास्त फसतात. मर्यादा असते. ती जीबीत न लिहिता स्पीडमध्ये लिहिलेली असते, एवढंच.

अटींमध्ये तीन गोष्टी शोधा. पहिली, किती जीबीनंतर स्पीड उतरतो आणि किती उतरतो. 'कमी केला जाईल' एवढंच लिहिलं असेल तर समाधान मानू नका, आकडा मागा. ६४ केबीपीएसवर १ जीबी उतरवायला जवळजवळ ३५ तास लागतात. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला सहा मिनिटांच्या वर. मजकुराचे मेसेज जातील, पण अशा डेटाला चालू म्हणायला मी तयार नाही. तोच उतरलेला स्पीड दीड एमबीपीएस, म्हणजे १५०० केबीपीएस असेल तर साध्या दर्जाचा (४८०पी) व्हिडिओसुद्धा बघता येतो. म्हणजे 'अनलिमिटेड' हेच नाव असलेल्या दोन प्लॅनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

दुसरी गोष्ट, गर्दीच्या वेळी तुमचा नंबर कितवा. काही प्लॅनमध्ये स्पीड सरसकट कमी करत नाहीत, पण टॉवरवर गर्दी झाली की तुम्हाला रांगेत मागे ढकलतात. तिसरी, हॉटस्पॉट. फोनवर अनलिमिटेड आणि हॉटस्पॉटला मोजकेच जीबी असं सर्रास असतं. तुमच्या यजमानांना नेमकी हीच अट लागू होणार आहे.

हे सगळं कोर्टात जाऊन आलेलं आहे. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने जून २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी अनलिमिटेड बंद करून २०० एमबी आणि २ जीबी असे स्लॅब आणले. जुन्या ग्राहकांचं अनलिमिटेड चालू ठेवलं, पण २०११ पासून जास्त वापर करणाऱ्यांचा स्पीड उतरवायला सुरुवात केली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये दावा लावला. आरोप असा की ३५ लाखांहून जास्त ग्राहकांचा स्पीड कमी केला, काहींचा तर महिन्याला २ जीबी झाल्यावरच, आणि हे त्यांना धडपणे सांगितलं नाही. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली, आणि अशा मर्यादा ठळकपणे सांगायचं बंधनही तिच्यावर आलं. ग्राहकाने हा आकडा मागणं म्हणजे कटकट नाही, तो आपला हक्क आहे.

निवांतक्षण:

सगळं मान्य, तरी मी अनलिमिटेडच्या बाजूने बोलणार.

अर्थशास्त्रात या विषयावर बरंच काम झालंय. स्लॅब स्वस्त पडत असतानाही बरेच लोक मुद्दाम एकरकमी प्लॅन घेतात आणि त्यावर खूशही असतात. एक कारण म्हणजे एखाद्या महिन्यात बिल वाढेल ही भीती जाते. दुसऱ्याला 'टॅक्सी मीटर परिणाम' म्हणतात: मीटर पळताना दिसला की प्रवासाची मजा जाते. (तिसरं कारण मात्र सरळ नुकसानीचं आहे, आपण किती वापरतो याचा अंदाजच जास्तीचा बांधलेला असतो. त्यावर मापटं यांनी सांगितलेला उपाय बरोबर आहे.)

मला दुसरं कारण फार महत्त्वाचं वाटतं. माझी आई स्लॅबवर होती तेव्हा व्हिडिओ कॉल मध्येच आवरता घ्यायची, 'तुझा डेटा जाईल' म्हणून. डेटा तिचा जायचा, काळजी माझी करायची. अनलिमिटेड केल्यापासून ती मनसोक्त बोलते. कागदावर तो प्लॅन तिला महाग आहे, कारण ती तेवढं वापरतच नाही. पण मला तिचं मोकळेपणाने बोलणं हवं होतं, आणि त्याचे पैसे मी आनंदाने भरते. चांदणवेल, तुमच्या सासूबाईंचा वापर कमी आहे की त्या हात राखून वापरतात, हे एकदा विचारून बघा.

आडवाट:

निवांतक्षण, आईंबद्दलचं अगदी पटलं. फक्त एक सुचवते: तीच निश्चिंती काही स्लॅबमध्येही मिळते. डेटा संपल्यावर काय होतं त्यावर ते अवलंबून आहे. काही प्लॅनमध्ये जादा वापराचे पैसे आपोआप लागतात, काहींमध्ये डेटा थांबतो आणि टॉप-अप मारावा लागतो, काहींमध्ये स्पीड उतरतो पण पैसे वाढत नाहीत. बिल फुगायची भीती फक्त पहिल्या प्रकारात आहे. परदेशातल्या रोमिंगवर तर इतकी भयंकर बिलं यायची की युरोपीय संघाने २०१० पासून ठरावीक रकमेला डेटा आपोआप तोडण्याचा नियमच लागू केला. चांदणवेल, पहिल्या प्रकाराचा स्लॅब कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. घेतलाच तर ॲपमध्ये खर्चाची मर्यादा लावता येते का ते आधी बघा.

टॉवरमित्र:

मी नेटवर्कच्या कामात आहे, म्हणून पडद्यामागची बाजू सांगतो.

कंपनीचा मोठा खर्च टॉवर, स्पेक्ट्रम (वापरायला मिळणाऱ्या रेडिओ लहरी) आणि गर्दी झेलण्याची क्षमता यांवर होतो. त्यामुळे प्रत्येक जीबी सारखा महाग नसतो. पहाटे तीनला तुम्ही १० जीबी उतरवले तर कोणालाच फरक पडत नाही, टॉवर तेव्हा जवळपास रिकामाच असतो. संध्याकाळच्या गर्दीत तोच डेटा शेजारच्या शंभर जणांचा स्पीड खातो. टॉवरपासून लांब, क्षीण सिग्नलवर बसून व्हिडिओ बघितला तर तेवढ्याच डेटाला टॉवरचा वेळ कितीतरी जास्त लागतो. स्लॅबला यातलं काही दिसत नाही, तो फक्त बेरीज मोजतो. म्हणून 'स्लॅब म्हणजे न्याय्य, वापराप्रमाणे पैसे' हा दावा मला पुरता पटत नाही. कमी वापरणाऱ्याचे पैसे त्यात वाचतात हे मात्र नक्की.

उलट, बंधनच नसेल तर काय होतं तेही जगाने पाहिलंय. १९९६ च्या डिसेंबरात एओएल या अमेरिकी कंपनीने तासाचा हिशेब सोडून डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून चालणाऱ्या इंटरनेटला महिन्याचा एकच दर लावला. लोकांनी लाईन सोडणंच बंद केलं, बाकीच्यांना एंगेज टोन ऐकू येत राहिला, आणि कंपनीला पुढे परतावे द्यावे लागले. वायरने चालणाऱ्या सेवेचं हे झालं. रेडिओच्या लहरी तर त्याहून मर्यादित.

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक प्लॅन म्हणजे ज्यात मोजणी नाही पण गर्दीत जास्त वापरणाऱ्याला मागे उभं करतात. गर्दी सरली की त्याला पुन्हा पूर्ण स्पीड. महिनाअखेरपर्यंत ६४ केबीपीएसची शिक्षा देण्याला तांत्रिक कारण फारसं नसतं. ते मोठा प्लॅन घ्यायला लावण्यासाठी असतं, हे मी जबाबदारीने सांगतो.

मापटं:

टॉवरमित्र, हे मोलाचं सांगितलंत.

चांदणवेल, आता पैशाचं गणित. तुमच्या सर्वांत जास्त वापराच्या महिन्याला पुरेल असा स्लॅब घेऊ नका. नेहमीच्या महिन्याला पुरेल असा धरा. अनलिमिटेड त्यापेक्षा महिन्याला जेवढ्याने महाग आहे त्या रकमेला एका टॉप-अपच्या किमतीने भागा. उत्तर तीन आलं तर दर महिन्याला तीन टॉप-अप लागेपर्यंत स्लॅब महाग पडत नाही. बहुतेकांना तेवढे लागत नाहीत, पण हॉटस्पॉटवाल्यांना लागतात.

आणि सामायिक प्लॅन मिळतो का बघा, सगळ्या घराचा एकच साठा. चौघांचा जास्त वापराचा महिना सहसा एकाच वेळी येत नाही, त्यामुळे चार सुटे स्लॅब घेण्यापेक्षा एकूण कमी जीबीत भागतं. मात्र प्रत्येक नंबरला वेगळी मर्यादा लावता आली पाहिजे. ती सोय नसेल तर मुलगा पहिल्या आठवड्यात सगळा साठा संपवेल आणि सासूबाईंचा कॉल तुटेल.

चांदणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. चौघांचेही फोन तपासले. माझा वापर वाटला होता त्याच्या निम्मासुद्धा नाही. मुलाचा डेटा जवळजवळ सगळा व्हिडिओवर, तोही एचडीत. 'डेटा वाचवा' चालू करायला तो तयार झालाय, फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही म्हणाला. सासूबाईंना विचारलं. त्या खरंच हात राखून बोलत होत्या, मला कल्पनाच नव्हती.

नवऱ्याच्या बाबतीत पारडं उलटलं. स्लॅबचा आग्रह त्याचा, आणि अनलिमिटेडची गरज त्यालाच. फक्त आमच्या कंपनीच्या अनलिमिटेडमध्ये हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा आहे, म्हणून त्याच्यासाठी दुसरी कंपनी बघतोय. बाकी तिघांना मिळून सामायिक साठा घ्यायचं ठरतंय, प्रत्येक नंबरला मर्यादा लावता येते.

शेवटची एक शंका. त्या प्लॅनमध्ये 'उरलेला डेटा पुढच्या महिन्यात' असं लिहिलंय. याचा खरंच उपयोग होतो का?

आडवाट:

होतो, पण दोन गोष्टी विचारून घ्या. उरलेला डेटा किती दिवस टिकतो, आणि आधी नवा वापरला जातो की जुना. एटी अँड टीने २०१५ मध्ये अशी सोय दिली तेव्हा आधी नव्या महिन्याचा डेटा संपवावा लागे, मगच जुन्याला हात लागे, आणि जुना महिन्याभरात बाद. नवा कोटा पुरेसा असेल तर जुना कधीच वापरात येत नाही. टी-मोबाइल या तिथल्याच दुसऱ्या कंपनीची तशीच सोय त्याच सुमाराची, तिथे उरलेला डेटा वर्षभर टिकायचा. तुमच्या प्लॅनमध्ये आधी जुना जात असेल तर एक पायरी खालचा स्लॅब घेतला तरी चालेल. आधी नवा जात असेल तर ती ओळ नाही असं समजूनच हिशेब करा.