मदत हवी आहे: स्टायलिश चष्मा, पण दान करणाऱ्या ब्रँडचा

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्याला राहते, नवीन चष्मा करायचाय. अमेरिकेत वॉर्बी पार्कर म्हणून ब्रँड आहे, २०१० मध्ये सुरू झालेला, त्यांच्याकडून एक चष्मा घेतला की एक गरजूला पोचवला जातो, व्हिजनस्प्रिंगसारख्या संस्थांमार्फत, आणि ती संस्था आपल्याकडेही काम करते. मला हे मनापासून आवडलं, कारण आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या मावशींना चाळिशी लागलीये आणि सुईत दोरा ओवायला त्या शेजारच्या मुलीला हाक मारतात, साध्या रीडिंग ग्लासेसने केवढा फरक पडेल!

तर इथे मिळणारा असा कुठला ब्रँड कोणी वापरलाय का? गोखले रोड, राम मारुती रोड किंवा वाशीला दुकान असेल तर उत्तमच, फ्रेम चेहऱ्यावर लावून बघितल्याशिवाय मी घेत नाही. माझा नंबर मायनस साडेचार, त्यामुळे जाड कडेची अ‍ॅसिटेट फ्रेम हवी, काचेची जाडी झाकली जाते. कासवाच्या पाठीसारखा तपकिरी रंग मिळाला तर फारच छान.

आणि दान नक्की कुठे जातं ते कसं तपासायचं? नुसती फ्रेम देतात की डोळे तपासून नंबरचा चष्मा देतात? माझ्या मते तपासणी हवीच. बजेट पाच हजारांपर्यंत, काचांसकट. प्लीज सांगा.